भिंतीआडचा फोन

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्या वेळी टेलिफोनचा जन्मही झालेला नव्हता. बेल यांना त्याचे पेटंट मिळाले ते पुढच्या वर्षी, १८७६ साली. त्यामुळे अशा व्यासपीठावरून फोनविषयी बोलण्यात आम्ही काही परंपरा मोडतो आहोत असे नाही. फार तर थोडा उशीर झाला असे म्हणता येईल. आमचा विषय मात्र फोन हा नसून फोनची घरातली रेंज हा आहे. मोठ्या इमारतीत कॉर्डलेस फोन प्रत्येक खोलीत, जिन्यात, तळघरात नीट चालावेत यासाठी योजना कशी करतात, आणि ती न केल्यास काय होते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

हा विषय आम्ही मुद्दाम घेतला. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, मानवत या आपल्या गावांतून रुग्णालये, महाविद्यालये, वसतिगृहे यांच्या दोन-तीन मजली इमारती उभ्या राहत आहेत. नकाशात पाण्याच्या नळाची जागा असते, विजेच्या पेटीची असते. फोनचा विचार मात्र रंग दिल्यानंतर होतो. मग एका रात्री दोन वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या रुग्णाचा श्वास कोंडतो, सिस्टर डॉक्टरांना मोबाईल लावते, आणि आपण सर्वांनी हजार वेळा ऐकलेला तो निर्विकार आवाज तिला सांगतो की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. डॉक्टर त्या वेळी तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीत उभे असतात. ज्याला आपण संपर्क क्षेत्राबाहेर म्हणतो तो माणूस पुष्कळदा पंधरा-वीस मीटरवर असतो. मध्ये असते ती भिंत.

मोबाईलचा मनोरा बाहेर, दूर कोठेतरी असतो. त्याच्या लहरी इमारतीच्या कवचातून गाळून आत येतात. शिवाय मोबाईलचे जाळे सर्व गावाचे. उरुसाच्या गर्दीत ते तुंबले, किंवा पावसाळ्यात मनोऱ्याची वीज गेली, की रुग्णालयातले बोलणेही थांबते. तिसरी अडचण कमी बोलली जाते, पण आमच्या मते तीच मोठी आहे. मोबाईल नंबर माणसाचा असतो, कामाचा नसतो. रात्रपाळीची सिस्टर कोण, हे रोज बदलते. तिचा खाजगी नंबर सर्वांना वाटणे बरे नव्हे. कॉर्डलेस हँडसेटचा नंबर हा त्या पाळीचा नंबर असतो. पाळी बदलली की हँडसेट हातातून हातात जातो आणि नंबर तोच राहतो.

जुने कॉर्डलेस फोन ज्यांनी वापरले आहेत त्यांना शेजाऱ्याचे बोलणे आपल्या फोनवर ऐकू येण्याची मौज आठवत असेल. ते अनुरूप पद्धतीचे, म्हणजे आवाजाची जशीच्या तशी लहर पाठविणारे फोन होते. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने १९९२ साली अंकीय पद्धतीचे नवे मानक प्रसिद्ध केले. त्याचे लघुनाव डेक्ट. या पद्धतीचे फोन जर्मनीत घरोघर पोहोचले. सीमेन्स कंपनीचे ‘गिगासेट’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण हसत हसत म्हणतो. या एका बाबतीत जर्मनीने आपला वाटा उचललेला आहे. परंतु भारताचाही येथे उल्लेख केला पाहिजे. १९९० च्या दशकात मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मिडास ही कंपनी व अॅनालॉग डिव्हायसेस यांच्या साह्याने, याच डेक्ट मानकावर ‘कॉर्डेक्ट’ नावाची व्यवस्था उभी केली. घरातल्या घरात चालावयाचे जे तंत्र, ते त्यांनी उंच खांबावर चढविले आणि मध्ये आडोसा नसेल तर दहा किलोमीटरपर्यंतच्या खेड्यांना तारेवाचून फोन दिला. त्याच लहरी खुल्या माळावर दहा किलोमीटर जातात आणि रुग्णालयात दोन भिंतींत अडकतात. अर्थात खांबावर त्यांना उंचीची आणि एकाच दिशेने रोखलेल्या अँटेनाची मदत असते. तरी आमचा सारा विषय या विरोधात आहे.

डेक्टचे काम कसे चालते ते एका पंगतीच्या दृष्टांताने सांगता येईल. १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ एवढा लहरींचा पट्टा या फोनांसाठी ठेवलेला आहे. त्यात दहा वाहक लहरी आहेत. त्या दहा पंगती समजा. प्रत्येक पंगतीत चोवीस पाने. एका सेकंदाच्या शंभराव्या भागात ही चोवीस पाने एकदा वाढून होतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. एका संभाषणाला दोन पाने लागतात, एक बोलण्याचे व एक ऐकण्याचे. म्हणजे एका पंगतीत बारा आणि सर्व मिळून एकशेवीस संभाषणे. यातली खुबी अशी की कोणी कोठे बसावे हे सांगणारा यजमान येथे नाही. हँडसेट स्वतःच कानोसा घेतो, ज्या पानावर गडबड कमी ते निवडतो, आणि तेथे कोणी आगंतुक आला तर बोलणे न तोडता दुसऱ्या पानावर सरकतो. म्हणूनच रेडिओ केंद्रांप्रमाणे कोणत्या जागी कोणती लहर वापरावी याचे कोष्टक येथे करावे लागत नाही. योजनाकाराचे काम तेवढ्याने हलके होते. परंतु संपत नाही, कारण पंगतीत जागा असली तरी आवाज तेथवर पोहोचला पाहिजे.

भिंतीवर बसविलेल्या ज्या पेटीशी हँडसेट बोलतो तिला बेस स्टेशन म्हणतात. पुढे आम्ही नुसते ‘बेस’ म्हणू. युरोपीय मानकाप्रमाणे तिची शक्ती बोलण्याच्या क्षणी जास्तीत जास्त २५० मिलिवॅट असते. हँडसेटचीही तेवढीच, पण तो चोवीस पानांपैकी एकाच पानावर बोलतो, म्हणून त्याची सरासरी जेमतेम दहा मिलिवॅट पडते. ज्यांना या लहरींची धास्ती वाटते त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता थोडे गणित. शक्ती मोजण्याचे एकक डेसिबल. त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. रुपयातले पन्नास पैसे उरले तर ३ डेसिबल गेले, दहा पैसे उरले तर १० गेले, एकच पैसा उरला तर २० गेले. एक मिलिवॅट म्हणजे शून्य धरले तर बेसचे २५० मिलिवॅट म्हणजे २४ होतात. मोकळ्या जागी दहा मीटर अंतरावर ही शक्ती उणे ३४ वर येते, आणि पुढे अंतर दुप्पट झाले की दर वेळी ६ ने उतरते: वीस मीटरवर उणे ४०, चाळीस मीटरवर उणे ४६. बहुतेक योजनाकार उणे ७० ही मर्यादा धरतात, काही सावध माणसे उणे ६५ धरतात. उणे ७० म्हणजे मिलिवॅटचा एक कोटीवा भाग. एवढ्याशा कणावर माणसाचे बोलणे स्वच्छ ऐकू येते हे आम्हाला आजही आश्चर्याचे वाटते.

एक कोटीव्या भागापर्यंत उतरण्याची मुभा असताना भिंतींनी घाबरावे का? करून पाहा. नऊ इंची विटेची भिंत साधारण ५ ते १० डेसिबल खाते; आपण ८ धरू. सळयांच्या काँक्रीटचा स्लॅब १० ते २० खातो, १५ धरू. बेस वीस मीटरवर आहे आणि मध्ये दोन भिंती व एक स्लॅब आहे, तर उणे ४० मधून आणखी ३१ गेले: उणे ७१. मर्यादा संपली. उलट चाळीस मीटर लांबीच्या मोकळ्या व्हरांड्याच्या टोकाला आकडा उणे ४६ च आहे. म्हणजे दुप्पट दूरचा माणूस शेकडो पटींनी अधिक चांगले ऐकतो. ‘या बेसची रेंज पन्नास मीटर आहे’ असे जेव्हा दुकानदार सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तो फक्त व्हरांड्याविषयी बोलत असतो.

आपल्याकडच्या भिंती तर पुस्तकातल्या कोष्टकात बसत नाहीत. गंगाखेड, पाथरीकडच्या जुन्या वाड्यांतून पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आहेत, सागवानी लादणीवर मातीचे माळवद आहे. उन्हाळ्यात ही घरे गार राहतात, आणि ज्या जाडीने ऊन अडते तीच लहरींनाही अडविते. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा ती आणखी कंजूष होते, कारण पाणी या लहरी पिऊन टाकते. जुन्या सरकारी इमारतींचा काळा दगड आहे. नव्या इमारतींना दुसरे दुखणे. उष्णता परतविणारी चकचकीत काच दर्शनी भागावर लावण्याची हौस वाढली आहे; त्या काचेवर धातूचा पातळ लेप असतो आणि लहरींच्या दृष्टीने तो पत्राच होय. लिफ्टचा पिंजरा, नोंदींच्या खोलीतली लोखंडी कपाटांची रांग, गच्चीवरची पाण्याची टाकी, आणि एक्स-रेच्या खोलीतले शिशाचे अस्तर, हे सर्व पक्के अडथळे आहेत. शिशापुढे बेसची शक्ती वाढवून उपयोग नाही. त्या खोलीत फोन हवा असेल तर बेस खोलीतच किंवा तिच्या दाराशी लावावा लागतो.

आपल्या भागाचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतून आणि गोदामांतूनही असे फोन लावता येतात. मे महिन्यात गोदाम रिकामे असते, पत्र्याच्या शेडमध्ये लहरी इकडून तिकडे मोकळ्या उडतात, आणि एक बेस पुरला असे वाटते. कापसाच्या हंगामात तेथेच लोखंडी पट्ट्या आवळलेल्या गाठींच्या थप्प्या छतापर्यंत चढतात, आणि थप्पीमागचा मुकादम मुका होतो. म्हणून मोजणी करावयाची ती भरल्या गोदामात. हा नियम रुग्णालयालाही लागू आहे, कारण माणसाचे शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच. मुलाखतीच्या वेळी भरलेला वॉर्ड आणि रात्रीचा वॉर्ड लहरींच्या दृष्टीने एक नव्हेत.

येथवर अंतराचा व भिंतीचा हिशेब झाला. एक गोष्ट मात्र या हिशेबात येत नाही, ती अशी की लहर भिंतींवरून, जमिनीवरून, कपाटावरून परतते आणि स्वतःलाच येऊन भेटते. या लहरीची लांबी सुमारे सोळा सेंटिमीटर, म्हणजे एका वितीपेक्षा आखूड. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला तर दोन्ही मिळून शून्य होते. आणि असे खळगे खोलीत सुमारे आठ-आठ सेंटिमीटरांवर पसरलेले असतात. फोनवर बोलताना मान वळविली आणि आवाज तुटला, याचे कारण पुष्कळदा हेच. बेसला दोन अँटेना याचसाठी देतात; एक खळग्यात सापडली तर दुसरी सहसा बाहेर असते. तरीही योजनाकाराने दहा-एक डेसिबलचे राखीव ठेवले पाहिजेत. उणे ७० ची मर्यादा एवढी वर धरली आहे ती यासाठीच. यंत्र स्वतः त्याहून बरेच खाली ऐकू शकते.

प्रत्यक्ष पाहणी कशी करतात ते आता पाहू. इमारतीचा नकाशा, विजेच्या तारेवाचून चालणारा एक बेस, तो छताच्या उंचीवर धरणारा उभा दांडा, आणि शक्तीचा आकडा दाखविणारे दोन हँडसेट एवढे साहित्य पुरते. बहुतेकांची पहिली चूक ही की बेस मजल्याच्या मध्यभागी ठेवून चालावयास सुरुवात करतात. योग्य रीत उलटी आहे. जो कोपरा सर्वांत अवघड, तेथे दांडा उभा करावा. मग हँडसेट घेऊन इमारतीच्या आतल्या बाजूला चालत यावे आणि जेथे आकडा उणे ७० होईल तेथे नकाशावर खूण करावी. दुसऱ्या अवघड कोपऱ्यातून तसेच करावे. लहरींचा रस्ता जाता-येता सारखाच असतो. कोपऱ्यातून जी जागा दिसते तिला तो कोपराही दिसतो. तेव्हा दोन्ही खुणांच्या रेषा जेथे एकमेकींवर येतात तेवढ्या पट्ट्यात बेस बसविला तर दोन्ही कोपरे त्याच्या हाती लागतात. मग दांडा त्या जागी नेऊन, दारे बंद करून, पुन्हा सर्व खोल्या चालून पाहाव्यात. दारे बंद करून, हे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. पाहणी करणारा दार उघडे टाकतो आणि रात्री सिस्टर ते लावून घेते.

समजा, चाळीस मीटर लांबीचे तीन मजली रुग्णालय आहे. कागदावर पाहता मध्यभागी प्रत्येक मजल्यास एक, असे तीन बेस पुरेसे वाटतात. पाहणीअंती असे दिसू शकते की मधल्या भागात तिन्ही मजल्यांचे बेस एकमेकांवर ओरडत आहेत, आणि दोन्ही टोकांच्या खोल्या, जेथे मुळात शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभाग आहे, त्या कोरड्या आहेत. अशा वेळी पहिल्या मजल्यावर डाव्या टोकाला, दुसऱ्यावर उजव्या टोकाला, असे नागमोडी बेस मांडले तर स्लॅबमधून झिरपणारी शक्तीही उपयोगी पडते. जिना हा येथे मित्र आहे, कारण त्याच्या पोकळीतून लहरी मजला ओलांडतात.

बोलता बोलता माणूस एका बेसच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात जातो तेव्हा संभाषण न तुटता हस्तांतर व्हावे लागते. भरभर चालणारा मनुष्य सेकंदाला दीड मीटर जातो. हँडसेटला नवा बेस शोधून स्थिर होण्यास पाच-सहा सेकंदांची मोकळीक द्यावयाची, तर दोन क्षेत्रे आठ-दहा मीटर एकमेकांवर पडली पाहिजेत. हस्तांतराची जागा लिफ्टच्या दारात किंवा जाड आगप्रतिबंधक दारात येऊ देऊ नये. तेथे शक्ती एका पावलात कोसळते. शिवाय सर्व बेसांचा ताल एक असावा लागतो, नाहीतर एकाचे सातवे पान दुसऱ्याच्या आठव्यावर चढते. आजचे बेस हा ताल पुष्कळदा शेजारच्या बेसकडून हवेतूनच घेतात. म्हणून दोन बेसांना एकमेकांचा आवाज चांगला ऐकू आला पाहिजे. एकामागून एक अशी लांब साखळी करण्यापेक्षा मधला एक बेस मुख्य ठेवून बाकीच्यांनी त्याचे ऐकावे हे बरे. साखळीतली एक कडी बंद पडली की पुढचे सर्व बेताल होतात.

रेंज आहे, पण जागा नाही, असेही होते. एका बेसवर एका वेळी समजा आठ संभाषणे होतात. किती हँडसेट त्यावर सोडावेत? हा प्रश्न कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सोडवून ठेवला आहे, आणि वाहतुकीच्या एककाला त्यांचेच नाव आहे. गर्दीच्या तासात प्रत्येक हँडसेट सहा मिनिटे बोलत असेल तर तो एकदशांश एर्लांग. शंभरांत एकापेक्षा अधिक फोन अडू नयेत अशी अट घातली तर आठ वाटा सुमारे ३.१ एर्लांग वाहतूक पेलतात, म्हणजे एकतीस हँडसेट. आठ वाटांवर एकतीस माणसे, हे प्रथम विचित्र वाटते. पण सर्वजण एकाच क्षणी बोलत नाहीत. बाह्यरुग्ण विभागात सकाळी मात्र ते जवळजवळ तसेच करतात, तेव्हा तेथे एक बेस अधिक द्यावा.

बसविण्याच्या कामाबद्दल थोडक्यात. बेस भिंतीवर अडीच-तीन मीटर उंचीवर, मोकळा असावा. खोट्या छताच्या वर, वातानुकूलनाच्या पत्र्याशेजारी लपवू नये. शोभेसाठी तो लपविण्याचा आग्रह वास्तुशिल्पी धरतात. तेथे त्यांचे ऐकू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जातो आणि पत्र्याखालची हवा त्याहून तापते, तेव्हा यंत्राच्या कागदावर तापमानाची मर्यादा वाचून मगच जागा ठरवावी. बेसला वीज व संदेश एकाच जाळ्याच्या केबलमधून देता येतात. तसे केल्यास एका खोलीतल्या एका इन्व्हर्टरवर सर्व इमारतीचे फोन वीज गेल्यावरही चालतात. आपल्या गावांत ही सोय चैनीची नव्हे. मात्र ती केबल शंभर मीटरपेक्षा लांब नेता येत नाही. कृषी विद्यापीठासारखे विस्तीर्ण आवार असेल तर एका इमारतीतून दुसरीत प्रकाशतंतूची केबल न्यावी. तांब्याची तार नेली तर वळवाच्या पावसातली वीज तीच वाट धरते.

परदेशी असलेल्या मुलांच्या आईवडिलांना एक सूचना. अमेरिकेत ‘डेक्ट ६.०’ या नावाने विकले जाणारे कॉर्डलेस फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. वर सांगितलेल्या १८८० ते १९०० च्या पट्ट्याहून हा पट्टा निराळा आहे. मुलाने प्रेमाने पाठविलेला असला तरी असा फोन दिवाणखान्यात चालू करू नये. नाव सारखे असले तरी वस्तू वेगळी आहे. येथे घेतलेल्या यंत्रासाठीही केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेचे मान्यतापत्र पुरवठादाराकडून मागून घ्यावे.

संस्थेच्या विश्वस्तांनी पैसे देण्यापूर्वी तीन वस्तू ताब्यात घ्याव्यात. पहिली, प्रत्येक मजल्याचा नकाशा, खोलीखोलीत मोजलेला आकडा लिहिलेला. ‘रेंज उत्तम’ असा शेरा नव्हे. दुसरी, प्रत्येक बेसची जागा, त्याच्या केबलचा मार्ग आणि तो ताल कोणाकडून घेतो याची नोंद. तिसरी, कामावरच्या सिस्टर, वॉर्डबॉय आणि लिफ्टमन यांच्याकडून दारे लावून, ट्रॉली ढकलत, बोलत बोलत केलेली चाचणी. पाहणीला एक-दोन दिवस लागतात आणि तिचे पैसे निराळे पडतात, म्हणून निविदेतून पहिल्याने तीच वगळली जाते. मग टोकाच्या खोलीसाठी पुढे चौथा, पाचवा बेस विकत घ्यावा लागतो, आणि तोवर त्या खोलीतला रुग्ण व्हरांड्यात धावणाऱ्या सिस्टरच्या पायांवर अवलंबून असतो. नकाशा कपाटात जपून ठेवावा. दोन वर्षांनी कोणी देणगीदार नवी भिंत घालून वॉर्डाचे दोन भाग करतो, तेव्हा त्या बाजूच्या सर्व खोल्या पुन्हा चालून आकडे ताडून पाहावे लागतात.